जाजमावरची जागा

आमच्या गावच्या जमातीची बैठक मशिदीच्या ओट्यावर भरत असे. गाव तापीकाठचे, वस्ती साठ-सत्तर घरांची. ओट्यावर एक निळी-तांबडी जाजम अंथरली जाई. तिच्या वरच्या टोकाला, भिंतीला टेकून, पटेल आणि देशमुख घराण्यांतली वडीलधारी माणसे बसत. त्यांच्या शेजारी पेशइमाम. मग दुकानदार, मास्तर आणि बागायतदार. पिंजारी, मन्यार, तडवी, फकीर ही मंडळी खालच्या टोकाला बसत. त्यातली काही तर जाजम संपून फरशी सुरू होते तिथे, चपलांच्या जवळ. कोणी कुठे बसायचे हे कोणी सांगत नसे. सांगावे लागतच नसे.

मी आठवीत असतानाची एक बैठक मला पक्की आठवते. पावसाळ्यात नाल्याचे पाणी शिरून कब्रस्तानची भिंत पडली होती. ती पुन्हा बांधायची, तर कशी, यावर चर्चा चालू होती. गाद्या पिंजून पोट भरणारे एक चाचा खालून म्हणाले, "भिंत मागून बांधा. आधी नाल्याच्या वळणावर दगडाची पिचिंग करा, नाहीतर पुढच्या साली पुन्हा पडेल." कोणी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. चर्चा वर्गणीवर गेली, विटांच्या भावावर गेली. अर्ध्या तासाने पटेलसाहेब खाकरले आणि म्हणाले, "मला वाटतं, आधी नाल्याचा बंदोबस्त करावा, भिंतीचं मग बघू." सगळी जाजम एकदम बोलती झाली. "पटेलसाहब बोले तो बराबरच है!" ठराव झाला. पिंजारी चाचाही मान डोलावत होते. घरी जाताना मी अब्बांना म्हटले, हे तर चाचा आधीच म्हणाले होते. अब्बा हसले. म्हणाले, "बेटा, बात कोणती आहे ते कोण बघतं? कोणाची आहे ते बघतात."

आज इतक्या वर्षांनी खानदेशातल्या मुस्लिम समाजाच्या इतिहासाकडे वळून पाहताना मला तीच जाजम दिसते. आपण आपल्या इतिहासाबद्दल बोलतो तेव्हा बहुधा 'मुसलमान' असा एकसंध शब्द वापरतो. राज्यकर्ते कोण होते, आपल्यावर अन्याय कोणी केला, हे आपण सांगतो. पण आपल्या आतल्या लहान लहान गटांत, जमातीत, बिरादरीत, मोहल्ल्यात मान कोणाला मिळाला, शब्द कोणाचा चालला आणि का चालला, हा इतिहास आपण लिहीत नाही. तो लिहिला पाहिजे, कारण माणसाचे रोजचे आयुष्य सुलतानांपेक्षा या जाजमांनीच जास्त घडवलेले आहे.

खानदेशात इस्लामी सत्तेची सुरुवातच प्रतिष्ठेच्या एका प्रश्नाने होते. फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजा या सरदाराला थाळनेरचा मुलूख दिला. आजच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, तापीकाठी, हे थाळनेर आहे. १३८२ मध्ये मलिक राजा स्वतंत्र झाला. मुलूख हाती आला, तरी शेजारी गुजरातचे, माळव्याचे आणि बहमनी सुलतान त्याच्याहून मोठे होते. त्या मंडळीत बसायचे तर केवळ तलवार पुरेशी नव्हती. या घराण्याने आपला वंश दुसरे खलीफा हजरत उमर फारूक यांच्यापर्यंत नेला आणि ते 'फारूकी' झाले. मलिक राजाच्या मुलाला, नसीरला, 'खान' हा किताब गुजरातच्या सुलतानाने दिला. या 'खाना'वरूनच खानदेश हे नाव पडले, असे एक मत आहे. म्हणजे ज्या किताबामुळे हा राजा आपल्या प्रजेत मोठा ठरला, तो किताब त्याला स्वतःहून मोठ्या माणसाकडून घ्यावा लागला. राजांच्या जाजमावरही वरची जागा आणि खालची जागा होतीच.

योगायोग असा की, याच काळात उत्तर आफ्रिकेत इब्न खल्दून आपला 'मुकद्दमा' लिहीत होता. त्याचा पहिला खर्डा १३७७ मध्ये पूर्ण झाला. घराण्याच्या प्रतिष्ठेबद्दल त्याने मांडलेला विचार आजही ताजा वाटतो. त्याच्या मते घराण्याचा मोठेपणा साधारण चार पिढ्या टिकतो. पहिला माणूस तो कष्टाने उभा करतो. दुसरा बापाला पाहून शिकलेला असतो. तिसरा नुसती परंपरा पाळतो. चौथ्याला वाटू लागते की हा मान आपल्याला जन्मानेच मिळाला आहे. तो कशामुळे मिळाला हे तो विसरतो, लोकांना तुच्छ लेखू लागतो आणि मग लोक दुसरीकडे वळतात. फारूकींचे राज्य चार पिढ्यांहून जास्त टिकले. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला तेव्हा ते संपले. थाळनेरला त्यांच्या कबरी आजही उभ्या आहेत. पण इब्न खल्दूनचे खरे म्हणणे राज्याच्या वयाबद्दल नव्हतेच. मान हा लोकांनी दिलेला असतो आणि घेणारा मात्र तो आपल्या रक्तात आहे असे समजतो, हे त्याचे म्हणणे होते. गावच्या पटेलाला आणि थाळनेरच्या खानाला ते सारखेच लागू पडते.

राज्ये गेली, पण त्यांनी वाटलेली पदे राहिली. काजी, खतीब, मुजावर, मुलाणी ही नुसती कामे नव्हती, ती वतने होती. त्यांना इनाम जमीन होती, लग्नात हक्क होता, दर्ग्याच्या उत्पन्नात वाटा होता. गावच्या बलुतेदारीत मुलाण्याला स्थान होते. वतन वंशपरंपरेने चाले, म्हणून मानही वंशपरंपरेने चाले. इंग्रज सरकारने १८६४ मध्ये काजींच्या सरकारी नेमणुका बंद केल्या आणि १८८० च्या काजी कायद्याने त्या, लोकांनी मागणी केली तर, पुन्हा करता येतील अशी सोय ठेवली. स्वातंत्र्यानंतर इनामे आणि वतने कायद्याने रद्द झाली. जमिनी गेल्या, पण आडनावे राहिली. काजी आडनावाच्या माणसाला निकाह लावता येत नसला, तरी लग्नात त्याला पुढे बसवतात. सत्तेचा आधार निघून गेल्यावरही सत्तेची सवय किती पिढ्या राहते, हे अशा ठिकाणी दिसते.

१८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये इथल्या मुसलमानांचे वर्णन आहे. त्यात आपला समाज एकसंध दिसत नाही. तो धंद्यांच्या आणि वंशांच्या गटांत विभागलेला दिसतो. सय्यद, शेख, मोगल, पठाण एका बाजूला आणि मोमीन, पिंजारी, मन्यार, बागवान, कसाब, तडवी दुसऱ्या बाजूला. ही विभागणी आपण पुस्तकात वाचली नसेल, पण लग्न ठरवताना आपण ती रोज वाचतो. अशरफ आणि अजलाफ हे शब्द आपल्या मोहल्ल्यात कोणी उच्चारत नाही. 'आपल्यातले' आणि 'त्यांच्यातले' एवढे म्हटले की काम होते. कुराणाच्या सूरह हुजुरातमध्ये माणसाचे मोठेपण त्याच्या परहेजगारीवर ठरते, हे आपण वाझमध्ये ऐकतो आणि हजरत बिलाल यांच्या अजानीची गोष्ट आपण मुलांना सांगतो. मग घरी येऊन 'कुफू' पाहतो. धर्माने दिलेली समता मशिदीच्या सफीत दिसते. नमाज संपून जाजम अंथरली की ती गुंडाळली जाते.

खालच्या टोकाला बसलेल्यांनी हे मुकाट्याने सोसले असे मात्र नाही. त्यांनी बिरादरीची स्वतःची पंचायत उभी केली. तिचा सरपंच किंवा चौधरी त्यांच्यातलाच असे. मोठ्या जमातीत ज्याला कोणी विचारत नसे, तो आपल्या बिरादरीत न्याय देत असे, तलाकचे भांडण मिटवत असे, दंड करत असे. या पंचायतींचे दोष होते, ते पुढे सांगतोच. पण इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एका गटात ज्याला मान नाही, तो दुसऱ्या गटात मान मिळवतो आणि त्या मानाच्या बळावर पहिल्या गटात मान वर करून उभा राहू शकतो.

विणकरांचे उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८५७ नंतर, उत्तर हिंदुस्थानातून विणकर कुटुंबे दक्षिणेकडे आली आणि मालेगाव, धुळे, बऱ्हाणपूर, भिवंडी इथे स्थिरावली. 'जुलाहा' हा शब्द तिकडे शिवीसारखा वापरला जाई. या लोकांनी तो नाकारला. ते 'मोमीन' झाले आणि मदिनेच्या अन्सारांशी नाते सांगत 'अन्सारी' झाले. १९२० च्या दशकात मोमीन कॉन्फरन्स उभी राहिली. बिहारचे अब्दुल कय्यूम अन्सारी तिचे मोठे नेते झाले आणि फाळणीच्या मागणीला या संघटनेने विरोध केला. अशराफांच्या जाजमावर ज्यांना कोणी बोलू देत नव्हते, त्यांनी देशाच्या जाजमावर आपले मत मांडले. पिंजाऱ्यांनी मन्सूर हल्लाजचे नाव घेऊन 'मन्सुरी' म्हणवून घेतले. हल्लाज म्हणजे कापूस पिंजणारा. खाटीक 'कुरेशी' झाले. याला कोणी नुसती नक्कल म्हणेल आणि ते काही अंशी खरेही आहे. मोठेपणासाठी अरबी वंश लागतो हा फारूकींचाच नियम त्यांनी मान्य केला. पण नाव बदलल्यामुळे माणूस प्रथमच ताठ बसला, हेही तितकेच खरे आहे.

माणसाचे गटातले स्थान त्याच्या शब्दाचे वजनच नव्हे, तर त्याची कुवतसुद्धा ठरवते, हे पाश्चात्त्य अभ्यासकांनी दाखवले आहे. विल्यम व्हाइट या संशोधकाने १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बोस्टन शहरात इटालियन वस्तीतल्या नाक्यावरच्या पोरांचा अभ्यास केला; त्यावरचे पुस्तक १९४३ मध्ये आले. ही पोरे चेंडूने लाकडी खुंट्या पाडण्याचा खेळ खेळत. टोळीत ज्याचा जो क्रम, जवळपास तोच क्रम खेळाच्या निकालात येई. खालच्या क्रमाचा एक पोरगा एरवी उत्तम खेळे. पण सगळी टोळी जमली की हरे. तो पुढे जाऊ लागला की बाकीचे त्याची टर उडवत आणि त्याचा हात चुके. १९५० च्या दशकात फ्रेड स्ट्रॉडबेक यांनी अमेरिकेत नमुन्याच्या ज्युरी बसवून अभ्यास केला. बारा अनोळखी माणसे एका टेबलाभोवती बसली, तरी व्यापारी-मालक वर्गातली माणसे आणि टेबलाच्या टोकाला बसलेली माणसे प्रमुख म्हणून जास्त निवडली जात. बाहेरच्या जगातली पायरी खोलीच्या आत येते आणि कोणी काही न सांगता आपली जागा घेते. हे वाचले तेव्हा मला आमचे पिंजारी चाचा आठवले. पटेलसाहेबांच्या बोलण्यावर त्यांनी मान का डोलावली, हे मला तेव्हा कळले. आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून खरी वाटावी, इतकी आपली जागा त्यांच्या अंगात मुरली होती.

या जाजमावर बायका कुठे होत्या, हा प्रश्न मी अजून विचारलेला नाही. त्या जाजमावर नव्हत्याच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जळगावात हा प्रश्न उघड्यावर आला. मुस्लिम स्त्रियांनी चित्रपटगृहात जाऊन सिनेमा पाहू नये, अशी बंदी समाजाच्या पुढाऱ्यांनी घातली. पुरुषांना ती लागू नव्हती. ज्यांच्याबद्दल निर्णय झाला त्यांना कोणी विचारले नव्हते आणि निर्णय घेणाऱ्यांना त्यांना विचारावे असे वाटलेही नव्हते. छात्र-युवा संघर्ष वाहिनीत काम करणाऱ्या रझिया पटेल या तरुणीने या बंदीला विरोध केला, सत्याग्रहाचा मार्ग धरला. तिला आणि तिच्या सोबतिणींना त्याची किंमत मोजावी लागली. पुढे रझिया पटेल यांनी 'चाहूल' या आत्मकथनातून आपला प्रवास मांडला.

सिनेमा पाहावा की नाही हा वेगळा वाद आहे. मला इथे दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की, अशी बंदी पोलिसाच्या काठीवर चालत नाही. ती बापाच्या भीतीवर चालते. मुलगी सिनेमाला गेलेली कोणी पाहिली, तर तिचे लग्न कसे जमेल, धाकट्या बहिणींचे काय होईल, जमातीत आपल्याला कुठे बसवतील, ही ती भीती. बिरादरीतला मान हे मुलींच्या नावावर काढलेले कर्ज आहे आणि त्याची फेड मुलीच करतात. दुसरी गोष्ट ही की, रझिया पटेल उभी राहू शकली, कारण तिच्या धाडसाला जोड होती. तिला एक दुसरा गट होता. वाहिनीच्या शिबिरात तिचे म्हणणे ऐकले जात होते. तिथे ती बोलायला शिकली होती. ज्याला एकच जाजम आहे, त्याला त्या जाजमावरून उठवण्याची धमकी पुरते. ज्याला दुसरी जाजम आहे, त्याला ती पुरत नाही.

म्हणूनच लहान गटाचे सर्वात मोठे हत्यार बहिष्कार हे असते. हुक्कापाणी बंद, रोटी-बेटी बंद, मयतीला खांदा बंद. हे केवळ मुसलमानांत नाही, खानदेशातल्या इतर समाजांच्या जातपंचायतींतही हेच चालत आले. १९४९ मध्ये मुंबई सरकारने बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा बहुमताने घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर बोहरा सुधारकांना दीर्घकाळ एकाकी लढावे लागले. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, तो २०१७ मध्ये अमलात आला. कायदा चांगला आहे. पण त्याची तक्रार करायला पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्या माणसाला संध्याकाळी परत त्याच गल्लीत यायचे असते, हे विसरून चालणार नाही.

जाजमावरच्या जागा खऱ्या अर्थाने हलल्या त्या मंडल आयोगानंतर. जालन्याचे शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ महाराष्ट्रभर नेली. अभिनेते दिलीपकुमार तिच्या व्यासपीठांवर आले. डिसेंबर १९९४ मध्ये राज्य सरकारच्या निर्णयाने मुसलमानांतल्या मागास बिरादऱ्यांना इतर मागासवर्गीयांच्या सवलती मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. जे आडनाव लपवावे लागे, तेच दाखल्यावर लिहून घेण्यासाठी रांगा लागल्या. वरच्या टोकाच्या काही मंडळींनी तेव्हा तक्रार केली की, यामुळे मिल्लतमध्ये फूट पडेल. फूट तर आधीपासून होती. दाखल्याने फक्त तिच्यावर शिक्का मारला आणि त्या शिक्क्याचा फायदा प्रथमच खालच्या माणसाला मिळाला. २००६ मध्ये सच्चर समितीने मुस्लिम समाजातल्या या थरांची नोंद सरकारी अहवालात केली.

तडवींची कहाणी याहून वेगळी आणि अधिक बोचरी आहे. सातपुड्याच्या पायथ्याला, रावेर, यावल, चोपड्याच्या पट्ट्यात राहणारे तडवी भिल्ल मुसलमान आहेत आणि अनुसूचित जमातीतही आहेत. घटनेने अनुसूचित जमातींना धर्माची अट घातली नाही, म्हणून हा हक्क त्यांना मिळाला. त्यांची मुले शिकली, शिक्षक झाली, अधिकारी झाली, डॉक्टर झाली. पण आपल्या जमातीत मात्र 'तडवी' हा शब्द आजही कित्येकदा ओठ मुडपून उच्चारला जातो. मे २०१९ मध्ये जळगावच्या तडवी समाजातल्या एका तरुण डॉक्टरने मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत असताना आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला. ते प्रकरण न्यायालयात गेले. तिच्या आईने सर्वोच्च न्यायालयात याचिका करून उच्च शिक्षणसंस्थांतल्या भेदभावाचा प्रश्न मांडला. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील. आपण आपल्यापुरता एक प्रश्न विचारू शकतो. त्या वेळी आपण सर्वांनी 'आमची मुलगी' म्हणून हळहळ व्यक्त केली. ती जिवंत असताना तिच्या वस्तीतला मुलगा किंवा मुलगी आपल्यापैकी किती घरांनी सोयरिकीसाठी मनात आणली असती?

या सगळ्या इतिहासातून मला एवढेच दिसते. लहान गटात मान वाटला जातो तो गुणांवर क्वचित. तो वंशावर, वतनावर, पैशावर आणि पुरुष असण्यावर वाटला जातो. उपदेशाने तो फारसा हललेला नाही. तसे असते तर तेरा-चौदा शतकांच्या वाझने केव्हाच हलला असता. खालच्या माणसाला उभे राहायला बाहेर दुसरी जागा मिळाली, मग ती संघटना असो, शाळा असो, दाखला असो की शिबिर, तेव्हाच तो हलला. म्हणून जमात मजबूत करायची म्हणजे माणसाला एकाच जाजमाशी बांधून ठेवायचे, हा विचार उलटा आहे. ज्यांना दुसरीकडे जाता येते आणि तरीही जे परत येऊन बसतात, त्यांचीच जमात खरी मजबूत असते.

परवा गावी गेलो होतो. ओट्यावर आता जाजम नाही, प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. कोण कुठे बसले ते लगेच कळत नाही. थोड्या वेळाने कळते. कब्रस्तानच्या नव्या कामाची बैठक होती. पिंजारी चाचा वारले त्याला बरीच वर्षे झाली. त्यांची नात स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन धुळ्याला नोकरी करते. नाल्याच्या कामाचा आराखडा आणि खर्चाचा अंदाज तिनेच काढून दिला होता. बैठकीत तो तिच्या काकाने वाचून दाखवला. सर्वांनी शेवटपर्यंत ऐकला, कोणी मध्ये बोलले नाही. आमच्या गावासाठी ही नवी गोष्ट होती. ती स्वतः शंभर पावलांवर, घरी होती. तिला बोलवावे असे कोणाला सुचले नाही. मलाही ते घरी परतताना सुचले.